सर्वानुमते अस्वल

चहा घ्या आधी, पण कप खाली ठेवून ऐका. मागे हीच गोष्ट सांगताना आमच्या नणंदेनं नव्या लुगड्यावर चहा सांडून घेतला होता. गोष्ट माझ्याच फजितीची आहे. बाकीच्यांची फजिती दुसरे लोक करतात. माझी मी स्वतः केली, लेखी केली, आणि खाली सही-शिक्का मारून केली.

दिघोरीपासून थोडं आत आमचं गाव. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मध्ये तलाव, त्याला मातीची पाळ आणि पाळीच्या खालच्या अंगाला घरं. निम्म्याहून जास्त घरांवर अजून कवेलू आहेत, म्हणजे मातीची कौलं. आणि कवेलूंवर वानरं आहेत.

वानर म्हटलं की तुम्हाला गोड वाटत असेल. सकाळी सात वाजता पंचवीस-तीस वानरं एका घरावरून दुसऱ्या घरावर उड्या मारत जातात, तेव्हा खाली चुलीपाशी बसून बघा. प्रत्येक उडीला दोन कवेलू फुटतात. भर पावसाळ्यात फुटलेल्या कवेलूतून पाणी थेट अंथरुणावर. वर घरामागच्या सांदवाडीत वांगं, भेंडी, काकडी काही शिल्लक ठेवत नाहीत. एक वानर आमच्या शेजारणीचा कुंकवाचा करंडा घेऊन गेलं होतं. त्याचं काय केलं असेल त्यानं, देव जाणे.

त्या वर्षी मी नुकतीच सरपंच झाले होते. जागा महिला राखीव होती. गावानं गृहीत धरलं होतं की सही मी करणार आणि कारभार आमचे हे करणार. आमचे हे म्हणजे मधुकरराव. हा माणूस दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतो. निवडून आल्याच्या संध्याकाळी ते मला म्हणाले, "खुर्ची तुही हाय. मले धान पाहू दे." एवढं बोलून बांधीवर निघून गेले.

मग मीही मनात पक्कं केलं. खुर्चीवर मी बसणार आणि बोलणारही मीच.

मी सरपंच व्हायच्या आधीची एक ग्रामसभा मला आठवत होती. तेव्हा सरपंच होते भाऊरावजी. माणूस वाईट नाही, पण आवाज असा की समोरच्याचं वाक्य अर्ध्यात मरतं. सभेत चार पुरुष बोलायचे आणि बाया दाराशी बसून हजेरीवर अंगठा-सही करून उठायच्या. त्या दिवशी देवकाबाई उभी राहिली. साठीची बाई, एकटी राहते, घरावर कवेलू. "वांदरायचं कायतरी करा जी," एवढंच म्हणाली. भाऊरावजी म्हणाले, "वांदरायले का नोटीस पाठवू?" सभा हसली. देवकाबाई खाली बसली, आणि त्यानंतर ती सभेला आली की भिंतीकडे तोंड करून बसायची.

ते माझ्या डोक्यात रुतून बसलं होतं.

सरपंच झाल्यावर भंडाऱ्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. पहिल्या दिवशी काय शिकवलं ते विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र एक बाई आल्या, बारीक अंगाच्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी विचारलं, "तुमच्या गावातल्या लोकांना कल्पना सुचतात का?"

आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायला लागलो.

"सुचतात," त्या म्हणाल्या. "पण बोलत नाहीत. कारण कोणीतरी हसेल, कोणीतरी 'हे होणार नाही' म्हणेल. तुम्ही असं करा. थोडा वेळ सभेत कोणालाही 'नाही' म्हणू देऊ नका. हसू देऊ नका. वेडगळ असो, शहाणी असो, प्रत्येक सूचना लिहून घ्या आणि प्रत्येकीला टाळी वाजवा. एक वेडगळ सूचना ऐकली की दुसऱ्याला चांगली सुचते."

मला वाटलं, ही बाई आमच्या देवकाबाईला ओळखते की काय. मी वहीत सगळं उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

चार वाजता त्यांचंच दुसरं सत्र होतं. पण भंडाऱ्याला येऊन पितळेचं भांडं न घेता परत जायचं म्हणजे सासूबाईंना तोंड दाखवायची सोय नाही. मी जेवणाच्या सुट्टीतच हळूच निघाले, पाण्याचा एक छानसा गुंड पसंत केला आणि गुंड मांडीवर घेऊन परतीच्या लाखांदूर गाडीत बसले. दुसऱ्या सत्रात काय असणार, सकाळचंच पुन्हा सांगतील, असं मनाशी म्हटलं.

हा माझा पहिला मूर्खपणा. मोजत राहा.

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा आली. झेंडावंदन झालं, शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंज्या पडल्या. मी उभी राहून सांगितलं, "आज एकच विषय. वानरं. आणि आज नियम माझा. जो बोलेल त्याला कोणी नाही म्हणायचं नाही. हसायचं नाही. प्रत्येकासाठी टाळ्या."

ग्रामसेवक हटवार साहेब बाजूला नोंदवही घेऊन बसले होते. नवीन बदली होऊन आलेले, फार काटेकोर माणूस. कागदाला भोक पाडायचं तरी आधी पट्टीनं मोजणार. त्यांनी विचारलं, "म्याडम, काय काय लिवू?"

"सगळं लिहा साहेब. एक शब्द गाळायचा नाही."

"सगळं?"

"सगळं."

पुढची पाच मिनिटं सगळे एकमेकांना कोपरानं ढोसत राहिले. बाहेर वानरं शाळेच्या कवेलूंवर पळत होती ती तेवढी ऐकू येत होती. मग सोमाजीबाबा उठले. गावातले सगळ्यात म्हातारे आणि सगळ्यात मिस्कील. टोपी नीट केली आणि म्हणाले, "बाई, त्या वांदरायचा जो मुखिया हाय ना, त्याचं लगन लावून द्या. संसारात पडला का उड्या आपोआप बंद होतेत. माह्या झाल्या."

सभा फुटली हसून. मी टेबलावर हात आपटला. "हसायचं नाही म्हणलं ना? टाळ्या वाजवा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणाले, "छान. पुढे चला."

आणि बाप्पा, काय सांगू, लोक सुटले. सोमाजीबाबांच्या लग्नाला टाळ्या मिळतात तर आपलं काय वाईट, असं प्रत्येकाला वाटलं. एक म्हणाला, घरटी एक कुत्रा पाळावा. एक म्हणाला, अर्धी वानरं शेजारच्या गावाला देऊन टाकावी, त्यांच्याकडे कमी आहेत. एका बाईनं सांगितलं, गावाचं नाव बदलावं म्हणजे वानरांना पत्ता सापडणार नाही. मी प्रत्येकाला टाळ्या, आणि "छान, पुढे चला."

मग दाराजवळून आवाज आला. देवकाबाई भिंतीकडचं तोंड इकडे करून उभी होती.

"म्या बोलू का?"

"बोला ना."

"आंधी तलावाच्या पाळीवर उंबर होते, जांभळी होत्या. वांदर तिथंच राहेत. आपण तोडले. आता त्यायनं खावाव काय? त्यायच्यासाठी झाडं लावा जी. त्यायचं पोट भरलं तर ते कायले आपल्या घरावर येतीन?"

या वेळी मी काही न सांगताच टाळ्या पडल्या. देवकाबाई बसली ती ताठ बसली. खोटं नाही सांगत, हात लाल होईपर्यंत मीही टाळ्या वाजवल्या. त्या चष्मेवाल्या बाईंना इथे आणून दाखवावं असं वाटलं.

त्याच भरात मी माझीही सूचना मांडली. माझ्या माहेरी जंगलाला लागून शेत होतं. अस्वल आलं की वानरं गाव सोडून पळायची, हे लहानपणी पाहिलेलं. म्हटलं, "कोणीतरी अस्वलाचा पोशाख घालून सकाळी गावातून फिरावं."

भाऊरावजी इतका वेळ शांत होते. आता ते उठले. "लय चांगली सूचना हाय. त्यात मी एवढंच जोडतो, का जिनं सुचवलं तिनंच फिरावं."

नियम माझाच होता. नाही कसं म्हणणार? सगळ्यात मोठ्या टाळ्या त्याला पडल्या. मी म्हणाले, "छान, पुढे चला."

चौतीस सूचना झाल्या. हटवार साहेबांची बोटं दुखायला लागली. भजी आणि चहा आला तसा त्यांनी माझ्यासमोर नोंदवही ठेवली. मी एका हातात भजी धरली आणि दुसऱ्या हातानं सही केली. दुसरा मूर्खपणा.

चार दिवसांनी शेजारच्या गावच्या सरपंचांचा फोन आला.

"काय जी सरपंचबाई, आमचं तुमचं काई भांडण हाय का?"

"नाही हो भाऊ. काहून?"

"मंग हे काय पत्र पाठवलं? ऐका. 'आमच्या गावातील एकूण वानरांपैकी निम्मी वानरे आपल्या गावास वर्ग करण्यात येत आहेत. तरी ती ताब्यात घेऊन पोच द्यावी.' बाई, आमी शिवेवर दोन माणसं बसवले हायेत. तुमचं एक वांदर इकडं येऊन पाहो."

मी धावत ग्रामपंचायतीत गेले. तिथे फळ्यावर ठराव लावलेले होते, सगळेच्या सगळे चौतीस, सुंदर अक्षरात. 'ठराव क्रमांक एक : वानरप्रमुखाचा विवाह लावून देण्यात यावा. सूचक सोमाजी. सर्वानुमते मंजूर.' आणि एका खाली एक तसंच, शेवटी 'सर्वानुमते मंजूर'. सगळ्यात खाली माझी सही, ठळक.

"साहेब, हे काय केलं?" मी हटवार साहेबांना विचारलं. "मी सूचना लिहा म्हणलं होतं."

साहेब घाबरले नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "म्याडम, सभेत विषय मांडला. कोणी विरोध केला?"

"विरोध करायचा नव्हताच."

"टाळ्या पडल्या?"

"पडल्या."

"तुमी अध्यक्ष. तुमी काय म्हणल्या? 'छान, पुढे चला.' चौतीस वेळा म्हणल्या, मी मोजलं. आता याले ठराव नाही म्हणावं तर काय म्हणावं?"

साहेबांचं बरोबरच होतं. आमच्या गावात आजवर प्रत्येक ठराव टाळ्यांनीच मंजूर झालेला. ते मला माहीत होतं, आणि माहीत असून त्या दिवशी डोक्यात आलं नाही.

तेवढ्यात सोमाजीबाबा काठी टेकत आले. "बाई, नवरदेव तयार हाय, रोज कवेलूवर बसते. पोरगी कोणत्या गावची पाहाची? आन् मामा कोण?"

दुपारी पंचायत समितीतून फोन. तिथल्या साहेबांनी विचारलं होतं की वानराच्या विवाहाचा खर्च कोणत्या योजनेत बसवणार आहात, याचा लेखी खुलासा द्यावा.

संध्याकाळी पारावर भाऊरावजी बसले होते. मी जाताना त्यांनी आवाज मुद्दाम मोठा केला. "रद्द करा जी सगळे ठराव. चूक झाली म्हणा आन् रद्द करा. बायायले सभेत बोलू देलं का असंच होते."

खरं सांगते, तोपर्यंत मी रद्द करायच्याच विचारात होते. घरी आले तर ओट्यावर देवकाबाई बसलेली. डोळे पुसत होती.

"बाई, माह्या बोलण्यानं झालं का हे?"

"तुमच्या बोलण्यानं काहीच झालं नाही."

"सारे हासून राहिले. मी आता नाई बोलत. माहा ठराव खोडून टाका."

तिथे माझं पक्कं झालं. सगळं एकदम रद्द केलं असतं तर तिची झाडंही त्यात गेली असती, आणि ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली असती ती कायमची. मी म्हणाले, "देवकाबाई, तुमचा ठराव राहील. आणि लोकांना हसायचंच असेल तर आधी माझ्यावर हसू देत. माझा ठराव मी करून दाखवते. उद्याच."

ह्यांना सांगितलं. ह्यांनी भाताचा घास थांबवला, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा जेवायला लागले. मला वाटलं, त्या दिवसाची दहा वाक्यं संपली असतील.

पण सकाळी पोशाख ह्यांनीच आणला. गावच्या नाटक मंडळीच्या पेटीत अस्वलाचं एक मोठं डोकं होतं, कागदाच्या लगद्याचं. अंगाला काळं कांबळ. ह्यांनी मागून सुतळीनं बांधून दिलं आणि विचारलं, "श्वास घ्याले जागा हाय का?" मी मान हलवली. डोकं हललं नाही, आत नुसती माझी मान हलली.

सात वाजता निघाले. पाऊस भुरभुरत होता. कांबळ भिजून असं जड झालं की अस्वलाची चाल मुद्दाम करायची गरजच उरली नाही. पहिल्या घराजवळ पोचले. वर कवेलूंवर वानरं ओळीनं बसलेली. मी हात वर केले आणि गुरगुरले.

वानरांनी माझ्याकडे पाहिलं. मुखिया खाली उतरला, माझ्यापासून चार हातांवर बसला आणि मान वाकडी करून बघायला लागला. जसं आपण नवीन दुकान उघडलं की बघतो तसं. मी पुन्हा गुरगुरले. एका पिल्लानं मागून येऊन कांबळाचं टोक ओढून पाहिलं.

वानरं घाबरली नाहीत. घाबरले कुत्रे. आणि घाबरलेला कुत्रा काय करतो ते तुम्हाला माहीत आहे. घरटी एक कुत्रा हा ठराव लोकांनी मात्र फार मनावर घेतला होता. चार दिवसांत गावात डझनभर नवीन कुत्रे आले होते, आणि ते सगळे माझ्यामागे लागले.

मी पळाले. मी पन्नाशीच्या जवळ आलेली बाई, अंगावर भिजलेलं कांबळ, डोक्यावर अस्वल. तरी अशी पळाले की दिसेल ती गल्ली धरत तलावाच्या पाळीवर पोचले. तिथून पलीकडच्या गावचे मजूर निंदणाला चालले होते. त्यांनी पाळीवरून धावणारं अस्वल पाहिलं आणि वनखात्याला फोन लावला. त्यांचंही काय चुकलं? आमच्या भागात अस्वल खरंच येतं.

मी बेशरमाच्या झुडपात शिरले. कुत्रे बाहेर थांबले. आत पाय चिखलात रुतला आणि पडताना डोकं फिरलं. म्हणजे अस्वलाचं. डोळ्यांची भोकं कानापाशी गेली. मला काहीच दिसेना. सुतळी मागून बांधलेली, हात कांबळात गुरफटलेले. डोकं काही निघेना.

किती वेळ तशी होते कोण जाणे. मग गाडीचा आवाज आला. माणसांचे आवाज आले, सगळं गाव गोळा झालं. कोणीतरी ओरडलं, "कोणी जवळ जाऊ नका. जाळी आणा."

मी आतून जीव तोडून ओरडले, "अहो मी सरपंच आहे." कागदाच्या त्या डोक्यातून बाहेर काय ऐकू गेलं असेल? नुसतं "हूंऽऽ हूंऽऽ".

वनरक्षक म्हणाला, "चिडलं हाय. बेशुद्ध करा लागते. डॉक्टरले फोन लावा."

ते ऐकून मी आणखी ओरडले. मी जितकी ओरडत होते तितके लोक मागे सरकत होते, पावलांवरून कळत होतं. आणि तेवढ्यात माझ्या नवऱ्याचा आवाज आला, अगदी शांत.

"साहेब, इंजेक्शन नका मारू जी. मिसेस हाय माही."

मागे सरकणारी पावलं जागीच थांबली. हे झुडपात आले, सुतळी कापली आणि डोकं उपटून काढलं. समोर सगळं गाव. वनखात्याची चार माणसं जाळी धरून. दहा-बारा मोबाईल माझ्याकडे रोखलेले. भाऊरावजी पहिल्या रांगेत.

माझे केस सुटलेले, तोंडाला चिखल, एक चप्पल गेलेली. लाजेनं मेले असते तरी चाललं असतं. पण मला लाज आली नाही, राग आला. कुत्र्यांचा, मोबाईलवाल्यांचा, जाळीचा, भाऊरावजींचा, स्वतःचा. मी तिथेच चिखलात उभी राहून बोलायला सुरुवात केली. काय बोलले ते आज आठवत नाही. लोक सांगतात, पंधरा मिनिटं मी बोलत होते आणि आवाज पार शाळेपर्यंत गेला होता. वनरक्षकानं जाळी केव्हा गुंडाळली तेही मला कळलं नाही.

त्या दिवसाची चित्रफीत लाखांदूरपर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी घरात बसून राहावंसं वाटत होतं. बसले नाही. ग्रामपंचायतीत गेले, खुर्चीवर बसले आणि त्या चष्मेवाल्या बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून नुसता खोकल्याचा आवाज आला. बहुतेक फोन बाजूला ठेवून हसत असाव्यात.

मग त्यांनी विचारलं, "चारच्या सत्राला होता ना तुम्ही?"

"नाही जी. गुंड घ्यायला गेले होते."

"काय घ्यायला?"

"पितळेचा गुंड."

बाईंनी सुस्कारा सोडला. "अहो, सकाळी सुचवायचं कसं ते सांगितलं. निवडायचं कसं ते चारला होतं. सुचवायचा दिवस वेगळा, ठरवायचा दिवस वेगळा. मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्यायचे. लोकांना आपापल्या कामाला लागू द्यायचं. हात कामात असले की डोक्यात ती सूचना मुरते. मग दुसऱ्या सभेत सगळ्यांनी खुशाल 'नाही' म्हणायचं, पण का नाही ते सांगायचं."

मी खास ग्रामसभा लावली, पंधरा दिवसांनी, तलावाजवळ, बाया निंदणावरून परत यायच्या वेळेला. म्हणजे त्यांना मुद्दाम घरून यायला नको. उभी राहून सरळ सांगितलं, "मागच्या वेळी चूक माझी झाली. मी अर्धंच शिकून आले होते. चौतीस ठराव नव्हते, चौतीस सूचना होत्या. आज एकेक घेऊ. आज नाही म्हणायला मोकळीक आहे. पण कारण द्या."

लग्नाचा विषय सोमाजीबाबांनीच मागे घेतला. "मामा भेटला नाई," म्हणाले. शेजारच्या गावाला माफीचं पत्र द्यायचं ठरलं. गावाचं नाव आहे तेच राहिलं. भराभर बत्तीस सूचना गेल्या, आणि गंमत म्हणजे कोणाला वाईट वाटलं नाही.

मग देवकाबाईची झाडं आली. भाऊरावजी उठले. मी पदर कमरेला खोचला.

"माही हरकत हाय," ते म्हणाले. "पाळीवर झाडं नको. मुळ्या पाळीत शिरतेत, पाळ फुटते. मंग सारं गाव वाहून जाईन."

सगळे देवकाबाईकडे बघायला लागले. मीही. मनात म्हटलं, बसते आता ही.

ती उठली. हातात विळा होता, तो तसाच धरून म्हणाली, "मंग पाळीवर नको. वरच्या अंगाले सरकारी पडीत हाय, तिथं लावा. निंदता निंदता म्या इचार केला. उंबर आपसूक येते, जांभूळ लावा लागते. बांधीभर दुरीवर एक धरलं तर साठ झाडं बसतेत. पाणी आमी बाया घालतो."

भाऊरावजींनी मान वळवून वरच्या पडीताकडे पाहिलं. "पडीतात लावत असान तर माही हरकत नाई," म्हणाले. आणि मग, बसता बसता, "खड्डे मी खोदून देतो."

तो ठराव हात वर करून झाला. एकही हात खाली नव्हता. हटवार साहेबांनी दोनदा मोजले.

इथे थांबले असते तर माझी केवढी शोभा राहिली असती. पण वहीत एक सूचना उरली होती. मी म्हणाले, "अस्वलाचं काही खरं नाही, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. ती रद्द धरू."

"थांबा जी," सोमाजीबाबा म्हणाले. "झाडायले फळं याले पाच-सहा वर्सं लागतेत. तवरिक कवेलूचं काय?"

"बाबा, वानरं अस्वलाला घाबरली नाहीत."

"अस्वलाले नाईच भेले. मी पाळीवर उभा होतो, म्या डोळ्यानं पायलं. तुमच्या आंगावर अस्वल होतं तवरिक सारे वांदर कवेलूवर बसून मजा पाहून राहिले होते. मधुकरनं डोक्सं काढलं, तुमी बोलाले लागल्या, आन् वांदर जे पळाले ते तीन दिवस गावात आले नाईत."

बायांमधून दोघी-तिघी म्हणाल्या, "हो जी, तीन दिवस."

"म्हून माहं म्हणणं," सोमाजीबाबा म्हणाले, "पोशाखाचं काई काम नाई."

मी विचारलं, "कोणाची हरकत?"

एकच हात वर झाला. माझा. मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे तलावातले बगळे मोजत होते. हटवार साहेबांनी पट्टी ठेवून रेघ ओढली आणि मोठ्यानं वाचत लिहिलं, "झाडांना फळे येईपर्यंत सरपंच यांनी दररोज सकाळी गावातून मूळ रूपात फेरी मारावी. बहुमताने मंजूर."

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता मी गावातून एक चक्कर मारते. आणि सांगायला जीभ अडते, पण खोटं कशाला बोलू, गावात त्यानंतर एक कवेलू फुटलेलं नाही.